पिपाणीचा सेल आणि पिपाणीची जाळी

गेल्या मे महिन्यात मांडवी एक्स्प्रेसने ठाण्याला लेकीकडे निघालो होतो. खेडला गाडीत बसलो आणि माणगावच्या आसपास आमच्या हिची छाती घरघरायला लागली. समोरच्या बाकावर कुणीतरी अत्तराची अर्धी बाटली अंगावर ओतून आलं होतं, तेवढं निमित्त पुरलं. मी पिशवीतून मशीन काढलं, औषधाची कुपी मोडून कपात ओतली, बटण दाबलं. आवाज नाही, धडधड नाही, तोंडाशी फक्त पांढरी वाफ.

समोरचा पोरगा दोन मिनिटं बघत होता. मग मला हळूच म्हणतो, "काका, ई-सिगारेटला बंदी आहे. टीसी आला तर दंड होईल काकूंना."

ही ७१ वर्षांची. पाचवारी साडी, नाकात चमकी, मांडीवर लेकीसाठी नेलेल्या आमसुलांची पिशवी. तशा दम्यातसुद्धा तिला हसू आलं. पोरगा कायद्याचं खोटं बोलत नव्हता. २०१९ पासून आपल्याकडे ती व्हेप की काय म्हणतात ती सगळी यंत्रं बंद आहेत. पण हा नेब्युलायझर. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध, त्याची वाफ करणारं यंत्र. रिकामी कुपी दाखवली तेव्हा पोरगा ओशाळला, आणि मग म्हणाला, "माझ्या आईलाही दमा आहे. कसं आहे हो हे? बॅटरी किती टिकते?" पनवेलपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

मी दापोली डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. आता आंजर्ल्याला असतो. सवय जात नाही म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राची वही ठेवतो: पाण्याचा पंप, मिक्सर, इन्व्हर्टर आणि हे मशीन. तारीख, वेळ, किती मिनिटं चाललं, काय बिघडलं. हिला ही वही बघून राग येतो. "माझ्या दम्याची लॉगशीट ठेवलीय," असं येईल त्याला सांगते. पण खाली जे आकडे आहेत ते त्या वहीतले आहेत, खोक्यावरचे नाहीत. कंपन्यांची नावं घेत नाही. एकीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि दोन्ही मशीनं शेवटी एकाच जातीची आहेत.

आधी आमच्याकडे जुनं मशीन होतं, कॉम्प्रेसरचं. वजन दोन किलोच्या घरात, आवाज डेपोतल्या हवा भरायच्या पंपासारखा. माजघरात लावलं की ओटीवर बसलेल्या माणसाला टीव्ही ऐकू येत नसे. पण दणकट. ते कधी बिघडलं नाही, एवढं त्याचं कौतुक केलंच पाहिजे. त्याला लागते ती फक्त वीज.

आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते आत शिरलं, आणि खालचे आम्ही, केळशी, आंजर्ले, हर्णै, सगळे त्यात सापडलो. माझ्या आगरातले १९ माड आणि पोफळींची अख्खी रांग आडवी झाली. विजेचे खांब मोडले नव्हते, पिळले गेले होते. आमच्या वाडीत लाईट यायला २६ दिवस लागले. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशीच झोपला. वर कोरोना, त्यामुळे दवाखान्यातसुद्धा नेब्युलायझर लावायला डॉक्टर राजी नव्हते. वाफेबरोबर रोग पसरेल ही भीती. इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला लावायची प्लास्टिकची नळी) वापरा म्हणाले. ते बरोबरच होतं. पण हिच्या हाताच्या बोटांना संधिवात, इनहेलरचा डबा अंगठ्याने दाबता येत नाही. मी घरी असलो तर मी दाबतो. नसलो तर?

शेजाऱ्याचा छोटा टेम्पो आहे. त्याच्या बॅटरीला गाडीतला लहान इन्व्हर्टर लावून, इंजिन चालू ठेवून, आम्ही खळ्यात ते मशीन चालवायचो. टेम्पोच्या मागच्या फळीवर ही मास्क लावून बसलेली, बाजूला टेम्पोचा धूर. दम्याच्या बाईला डिझेलच्या धुरात बसवून औषध द्यायचं! तेव्हाच ठरवलं, सेलवर चालणारं मशीन आणायचं.

जानेवारी २०२१ मध्ये पहिलं आणलं, ३,२०० रुपयांना. दोन पेन्सिल सेलवर चालतं. मुठीत मावतं. हिने पहिल्याच दिवशी त्याचं नाव पिपाणी ठेवलं.

आतली गंमत अशी. कपाच्या तोंडाशी धातूची एक चकती असते, तिला हजारो भोकं. हीच जाळी. एकेक भोक काही मायक्रॉनचं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्याही कितीतरी खाली. चकतीभोवतीची कडी सेकंदाला लाखाच्या वर वेळा थरथरते आणि औषध त्या भोकांतून बारीक तुषार होऊन बाहेर पडतं. तुषार पाच मायक्रॉनच्या आत असला तर फुप्फुसात खोल पोचतो, मोठा असला तर घशातच बसतो. हवा दाबायची नाही, पाणी तापवायचं नाही, म्हणून वीज इतकी कमी लागते. डोकेबाज काम आहे. ज्याने हे काढलं त्याला मी डेपोत चहा पाजला असता.

आता सेल. घड्याळात घालतो ते स्वस्तातले सेल घातले, ते चार वेळांत बसले. अल्कलाइनची जोडी २२ वेळा चालली, दर वेळी साधारण नऊ मिनिटं. मग रिचार्जचे आणले, निकेलवाले, चार सेल आणि चार्जर मिळून त्या वेळी हजारभर रुपये गेले. तेही २० ते २२ वेळाच चालतात, पण पुन्हा भरता येतात. त्यांचा व्होल्टेज दीडऐवजी सव्वाच्या आसपास असल्याने केशरी दिवा लवकर लागतो. घाबरायचं नाही, दिवा लागल्यावरही आमचं मशीन तीन वेळा नीट चालतं. रिचार्जचे घेताना वर्षभर पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे घ्यावेत. साधे घेतले तर कपाटात बसूनच उतरतात, आणि दमा रात्री तीन वाजता आला की तुम्ही रिकामे सेल हातात घेऊन उभे.

इथे माझी पहिली फजिती. ऑगस्टमध्ये ही बरी होती, दीड महिना पिपाणी लागली नाही. अल्कलाइन सेल आतच राहिले. आमच्याकडचा ऑगस्ट तुम्हाला ठाऊक आहे: पापड सादळतात, वर्तमानपत्र भाकरीसारखं मऊ पडतं, कपाटातल्या चपलेवर बुरशी येते. झाकण उघडलं तर सेल फुटून बाहेर आलेला, स्प्रिंगवर पांढरा कीस चढलेला. मी म्हटलं, हे तर आपलं रोजचं काम. बसच्या बॅटरीच्या टोकांवर असाच कीस चढतो, तो खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा आणि व्हॅसलीन लावायचं. आयुष्यभर हेच केलं. सोडा कालवला, लावला, घासलं. काही होईना.

दुसऱ्या दिवशी डोक्यात ट्यूब पेटली. बसच्या बॅटरीत ॲसिड, म्हणून तिला सोडा. या सेलच्या पोटात अल्कली, त्याला सोडा लावून काय उपयोग? त्याला आंबट हवं. लिंबाच्या रसात कापूस बुडवून टोकांना लावला, जरा फसफसलं, कीस सुटला. मग दवाखान्यातलं स्पिरिट फिरवून कोरडं केलं. स्प्रिंग थोडी खाल्ली गेली होती, पण मशीन चाललं. ही सगळा वेळ माजघराच्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "एकतीस वर्षं बॅटऱ्या केल्या म्हणता," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून नियम: वापर नसेल तेव्हा सेल बाहेर. वेगळ्या डबीत, मशीनच्याच पिशवीत.

हे मशीन २०२३ च्या दिवाळीत नातवाच्या हातून पडलं आणि झाकणाची कडी तुटली. रबर लावून ते अजून चालतं. पण मुलाने हौसेने दुसरं मागवलं, २,६०० रुपयांना, आत लिथियमची बॅटरी असलेलं. सेल बदलायची कटकट नाही म्हणाला. कुरिअरवाला आंजर्ल्यापर्यंत येत नाही, दापोलीला जाऊन आणलं.

खोक्यावर दोन तास लिहिलं होतं. पहिल्या चार्जवर ११ वेळा चाललं, मिनिटांत १०२. खोटं म्हणवणार नाही, पण दोन तास मात्र नव्हेत.

पहिल्याच आठवड्यात मशीन चार्जच होईना. नातवाच्या फोनचा चार्जर नवा, त्याची वायर दोन्ही टोकांना बारीक तोंडाची. लावली, दिवा पेटेना. कंपनीला फोन केला, तिथल्या बाईंनी मशीन परत पाठवा म्हणून सांगितलं. रात्री सहज माझ्या जुन्या फोनच्या चार्जरला लावून बघितलं, ज्याचं एक टोक रुंद आणि एक बारीक. लगेच पेटला. कारण मला नंतर उमगलं. दोन्हीकडे बारीक तोंडाची वायर असलेला चार्जर समोरच्या यंत्राने खूण दिल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खूण द्यायला यंत्रात दोन बारीकसे रेझिस्टर लागतात. स्वस्त मशीन करणारे तेवढे पैसे वाचवतात. त्यामुळे असं मशीन घेतलंत तर रुंद टोकाची साधी वायर मशीनच्या पिशवीतच ठेवा. ती वायर दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्यांदा वायरीच पळतात.

दुसरी फजिती मोठी आहे, आणि ती शंभर टक्के माझी. डेपोत आम्हाला शिकवलेलं, बॅटरी कायम भरलेली ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेली पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, मग ती मरते. हे डोक्यात इतकं पक्कं की नवीन मशीन मी कायम चार्जरला लावून ठेवलं, तेही फ्रीजच्या मागच्या प्लगला, जिथे उबारा असतो. दहा महिने. म्हटलं, कधीही लागलं तर पूर्ण भरलेलं हातात यायला हवं.

सप्टेंबर २०२४ मध्ये वहीत बघितलं तर एका चार्जवर सहाच वेळा चालत होतं.

लिथियमचं सगळं उलटं आहे. तिला पूर्ण भरलेल्या पोटी उष्णतेत ठेवलं की ती लवकर म्हातारी होते. पडून राहायची असेल तर निम्मी भरलेली आणि गार जागी बरी. अगदी शून्यावर नेऊन ठेवणंही वाईट. साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरली-उतरली की क्षमता उतरायला लागते, पण आमची तर साठ वेळासुद्धा भरली नव्हती. मी तिला नुसतं चार्जरला टांगून मारली. आणि ती बदलता येत नाही. खोकं चिकटवून बंद केलेलं. कंपनीचं म्हणणं, नवीन घ्या. माझं म्हणणं, दीडशे रुपयांच्या सेलसाठी २,६०० ची वस्तू कोण फेकतो? भांडण ते हेच. स्क्रू असता तर मी दहा मिनिटांत केलं असतं. उघडायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. पण लिथियमला टोचलं तर आग लागते, आणि हे यंत्र बायकोच्या तोंडाशी जातं. ठेवून दिलं. फुगलेलं दिसलं तर मात्र एक दिवसही वापरायचं नाही.

आता पद्धत बदललीय. नवीन मशीन पाऊणपर्यंत भरतो, मग वायर काढतो. तीन-चार वेळा वापरलं की पुन्हा. पावसाळ्यात, वादळाचा इशारा आला की तेवढी पूर्ण भरतो. सहाची सात वेळ झालेली नाही, पण पाचही झालेली नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की या मशीनचा जीव बॅटरीत आहे. मलाही तीन वर्षं तसंच वाटत होतं. जीव जाळीत आहे.

वाफ पातळ यायला लागली की माणूस म्हणतो बॅटरी उतरली. मी तर जोडीमागून जोडी सेल बदलले. एका रात्री ताजे सेल घालूनही वाफ विरळच. औषध संपायला १६ मिनिटं लागली, एरवी नऊ लागतात. तेव्हा समजलं. आता माझी परीक्षा सोपी आहे: ताजे सेल घाला किंवा लिथियमचं मशीन वायर लावून चालवा. वाफ दाट झाली तर दोष बॅटरीचा. नाही झाली तर जाळी बुजली आहे. त्याआधी कप जरा हलवून, बोटाने टिचकी मारून बघायचं, कारण कधीकधी जाळीखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि आपण उगाच घाबरतो.

जाळी बुजते औषधाने. हिला दोन औषधं आहेत. श्वास मोकळा करणारं लेव्होसाल्ब्युटामॉल, ते पाण्यासारखं स्वच्छ. त्याचा त्रास नाही. दुसरं ब्युडेसोनाइड, सूज उतरवणारं, स्टेरॉइड. ते दुधाळ असतं, कारण त्यात औषध विरघळलेलं नसतं, बारीक कणांनी तरंगत असतं. ते कण जाळीत बसतात आणि वाळले की सिमेंट होतात. म्हणून त्या औषधानंतर मशीन धुतल्याशिवाय ठेवायचं नाही. झोप आली असली तरी नाही. (आणि त्यानंतर चूळही भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. हे मशीनचं नाही, माणसाचं मेंटेनन्स.)

धुवायचं कशाने, यात आम्ही वर्षभर चुकत होतो. मी सलाईनने धुवायचो. सलाईन म्हणजे मीठ. वाळलं की जाळीवर मिठागर. विहिरीचं पाणी आमचं गोड आहे, पण पावसाळ्याआधी मचूळ होतं, समुद्र काय हाकेवर आहे. तेही नको. शेवटी केमिस्टने इंजेक्शनात वापरायच्या निर्जंतुक पाण्याच्या लहान कुप्या दिल्या, काही रुपयांना एक. औषध संपलं की कप रिकामा करायचा, त्यात ते पाणी चमचाभर घालायचं, मशीन दोन मिनिटं चालवायचं. ती वाफ हवेत सोडायची, ओढायची नाही. साध्या पाण्याची वाफ दम्याच्या माणसाच्या छातीला उलट आवळते. मग कप झटकायचा आणि स्वच्छ कपड्यावर उपडा. जाळीला बोट लावायचं नाही, कापूस लावायचा नाही, ब्रश तर मुळीच नाही. माझ्या हातून पहिली जाळी कानकोरण्याच्या कापसानेच गेली.

आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, त्यात कप, मास्क आणि तोंडाची नळी अर्धा तास. मग स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवणं. आमच्या पुस्तिकेत हे चालतं असं लिहिलंय. काही मशीनांची जाळी उकळता येते, काहींची उकळली की सुटते. आपापली पुस्तिका बघा, फेकू नका.

वाळवणं हीच आमच्याकडची खरी अडचण. जुलैमध्ये काही वाळत नाही. मी चुलीवरच्या माळ्यावर ठेवून बघितलं, मास्कला धुराचा वास लागला. ही म्हणाली, "दम्याला औषध की दम्याला धूर?" आता देवघराशेजारच्या कोनाड्यात लहान पंख्यासमोर अर्धा तास, मग स्टीलच्या घट्ट डब्यात. डब्यात चपलांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा त्या तव्यावर मंद आचेवर शेकून घेतो, तेवढा तवा वेगळा. चार्जिंगच्या भोकाला रबराचं बूच असतं, ते कायम लावलेलं हवं. खाऱ्या हवेने बिनबुचाचं भोक वर्षात हिरवं पडतं. शेजारच्या गावातल्या एका रिक्षावाल्याच्या मशीनचं तसंच झालं.

एवढी काळजी घेऊन आमची जाळी आठ-नऊ महिने टिकते. काळजी न घेता साडेतीन. नवीन कपाला, जाळीसकट, सातशे रुपये. म्हणजे खरा खर्च मशीनचा नाही आणि सेलचा तर नाहीच. घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा की कप सुटा मिळतो का, आणि किती दिवसांत येतो. आमच्या दुसऱ्या मशीनचा कप एकदा २४ दिवसांनी आला. तोपर्यंत रबर बांधलेल्या जुन्या पिपाणीने घर सांभाळलं.

कुणी विचारलंच की दोन्हीतलं कोणतं, तर किनारपट्टीवर राहणाऱ्याने पेन्सिल सेलचंच घ्यावं. वादळात लाईट महिनाभर गेली तरी वाण्याकडे सेल मिळतो, लिथियम मिळत नाही. शहरात राहत असाल आणि पॉवरबँक असेल तर दुसरं हलकं आणि सुटसुटीत आहे. आणि बोटं धड असतील तर आधी डॉक्टरांना स्पेसरचं विचारा. काही शे रुपयांची प्लास्टिकची नळी, तिला बॅटरी नाही, जाळी नाही, साबणाच्या पाण्याने धुतली की झालं. मशीनवाले हे सांगत नाहीत. मी पाच वर्षं मशीनवर घालवली म्हणून मी तरी कशाला लपवू?

आणखी एक. झोपलेल्या माणसाला देताना मशीन फार आडवं करू नका, औषध जाळीपासून सुटतं आणि वाफ थांबते. थोडं कलतं चालतं. कॉम्प्रेसरचं जुनं मशीन मी अजून मोडीत काढलेलं नाही. माळ्यावर आहे, गोणपाटात गुंडाळून.

या वर्षी भाजवळीचा, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा, धूर मार्चअखेरपासूनच सुरू झाला. डोंगरात राब पेटले की संध्याकाळी सगळी वाडी निळसर होते आणि हिची रात्र जाते. वहीत एप्रिलमध्ये ३४ वेळा नोंद आहे. कालची शेवटची: रात्री २.४०, ब्युडेसोनाइड, ११ मिनिटं. दोन मिनिटं जास्त. आज केमिस्टला नवीन कप सांगून आलोय.